सुई टोचली, रुग्ण हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह: आज काय करायचं, आणि कागदावर का आणायचं

तालुक्याच्या गावातल्या तीस खाटांच्या खाजगी हॉस्पिटलमधल्या एका स्टाफ नर्सचा प्रश्न आहे. काल संध्याकाळी काविळीच्या रुग्णाचं रक्त काढून झाल्यावर सुईला टोपण लावताना ती डाव्या तर्जनीत गेली. बोट दाबून रक्त काढलं, स्पिरिट लावलं आणि ड्युटी पुरी केली. रुग्ण एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी विषाणूचं रक्तात सापडणारं अँटिजेन, म्हणजे लागणीची खूण) पॉझिटिव्ह असल्याचं रात्री कळलं. जीएनएमला (नर्सिंगच्या पदविकेला) असताना लसीचे दोन डोस झाले होते, तिसरा राहून गेला. टायटर, म्हणजे लसीने किती प्रतिपिंडं बनली ते मोजणारी रक्ततपासणी, कधी केलेला नाही. घरी आठ महिन्यांचं बाळ आहे, अंगावर पितं. मेट्रन म्हणाल्या, "लस झालीय ना, मग घाबरतेस कशाला? उगाच कागदावर आणू नकोस." आता त्या विचारतात: मी सुरक्षित आहे का? बाळाला पाजू का? पुढे पॉझिटिव्ह आले तर नोकरी जाईल का? आणि शेवटी एक ओळ आहे: आमच्या वॉर्डातल्या मावशींनाही महिन्यापूर्वी कचऱ्याची पिशवी बांधताना सुई लागली होती, त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

सिस्टर, आधी आजचं काम, बाकीचं मागाहून. हे वाचून झालं की लगेच फिजिशियनना भेटा आणि सांगा: रुग्ण पॉझिटिव्ह, माझी लस अपुरी, मला आज इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा डोस हवा. हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे एचबीआयजी, ही तयार प्रतिपिंडं असतात. तुमच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडं बनवायला घेतलेला वेळ ती भरून काढतात. २४ तासांच्या आत दिलेलं उत्तम, सुई टोचल्याचं असेल तर सात दिवसांपर्यंत द्यायला अर्थ असतो, पण प्रत्येक उशिराच्या दिवसागणिक उपयोग कमी होत जातो. मात्रा किलोमागे ०.०६ मिली. आपल्याकडच्या बाटल्यांवर प्रमाण युनिटमध्ये छापलेलं असतं, म्हणून लेबल वाचून हिशोब डॉक्टरांकडून करून घ्या. इंजेक्शन स्नायूत द्यायचं. लस त्याच दिवशी, पण दुसऱ्या जागी: लस दंडाच्या डेल्टॉइडमध्ये, इम्युनोग्लोब्युलिन मांडीत किंवा दुसऱ्या बाजूला. हे औषध महाग आहे आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये बहुधा मिळणार नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करा. एखाद्या गावाहून रात्रीच्या एसटीने एचबीआयजी बर्फाच्या डब्यात मागवून घेतल्याचं मी पाहिलं आहे. तशी वेळ आली तर तसं करा, पण उद्यावर ढकलू नका.

दोन्ही इंजेक्शनं घेण्याआधी रक्त द्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं) आणि टोटल अँटी-एचबीसी (लागणीमुळे बनणारी प्रतिपिंडं) या तीन तपासण्यांसाठी नमुना आधी काढायचा, कारण लस घेतल्यावर काही दिवस, कधी अठरा दिवसांपर्यंत, लसीतलंच अँटिजेन रक्तात सापडून एचबीएसएजी खोटाच पॉझिटिव्ह येऊ शकतो. इम्युनोग्लोब्युलिनमुळे तर अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही काही महिने उसनेच पॉझिटिव्ह दिसतात. नमुना काढा, पण रिपोर्टची वाट पाहत बसू नका. तुमच्या बाबतीत आज अँटी-एचबीएस दहाच्या वर आला तरी उपचार बदलत नाही. दहा एमआययू (प्रतिपिंडं मोजायचं एकक) प्रति मिली ही संरक्षणाची रेषा लसीचा कोर्स पूर्ण झालेल्यांसाठी ठरवली आहे, दोन डोसवर थांबलेल्यांच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही.

त्याच रुग्णाचा एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी तपासला आहे का, हेही आजच विचारा. नसेल तर त्याच्या संमतीने तपासायला सांगा. एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला तर गोळ्या शक्य तितक्या लवकर आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात, कोर्स २८ दिवसांचा असतो, सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रात त्या मिळतात. हिपॅटायटिस सीवर टोचल्यानंतर द्यायचं प्रतिबंधक औषध नाही, पण लागण झालीच तर आता तोंडी गोळ्यांनी तो बरा होतो.

बोट दाबलंत, स्पिरिट लावलंत, त्याने फार बिघडलं नाही. पण दाबून रक्त काढल्याने विषाणू बाहेर येतो याला पुरावा नाही, उलट जखमेच्या आसपासची ऊती दुखावते. नळाखाली साबणाने धुवायचं, बस्स. बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. डोळ्यात रक्त उडालं तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने भरपूर धुवायचं. एवढंच प्रथमोपचारात येतं. खरा इलाज त्यानंतरच्या काही तासांत असतो, आणि नेमके तेच तास आपल्याकडे "बघू, काही होत नाही" म्हणण्यात जातात.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. दोन डोसवर तुम्ही सुरक्षित आहात का? कदाचित असाल. पण "कदाचित" पुरणार नाही असाच हा विषाणू आहे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह रुग्णाच्या रक्ताची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर लागण होण्याची शक्यता रुग्णाच्या रक्तात ई-अँटिजेन (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण) आहे की नाही यावर बरीच अवलंबून असते. ई-अँटिजेन असेल तर रक्तात लागणीची खूण दिसण्याचं प्रमाण ३७ ते ६२ टक्के, आणि प्रत्यक्ष कावीळ वा यकृताचा आजार होण्याचं २२ ते ३१ टक्के. ई-अँटिजेन नसेल तर हेच आकडे अनुक्रमे २३ ते ३७ आणि १ ते ६ टक्के. त्याच सुईत एचआयव्ही असता तर सरासरी धोका ०.३ टक्के. हिपॅटायटिस सीसाठी पूर्वी सर्रास १.८ टक्के सांगितला जाई, अलीकडच्या पाहणीत तो त्याहून बराच कमी दिसतो. हे आकडे एका ओळीत लिहून वॉर्डच्या भिंतीवर लावावेत असं मला मनापासून वाटतं. कारण रोज दिसतं ते उलटं. रुग्ण एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं कळलं की दोन-दोन ग्लोव्हज चढतात, कुजबुज होते, खाटेला वेगळी खूण होते. हिपॅटायटिस बी असेल तर "ती कावीळच ना" म्हणत उघड्या हाताने रक्त काढलं जातं.

एवढा फरक का, याचं उत्तर रक्तातल्या विषाणूंच्या संख्येत आहे. काही रुग्णांच्या एका मिलीलिटर रक्तात या विषाणूचे दहा कोटींहून अधिक कण असतात. डोळ्याला न दिसणारा थेंबसुद्धा पुरतो. आणि हा विषाणू चिवट आहे. खोलीच्या तापमानाला वाळलेल्या रक्तातही तो निदान सात दिवस लागण करण्याइतका टिकतो. ड्रेसिंग ट्रॉलीच्या कडेवरचा तपकिरी डाग, बीपीच्या पट्ट्यावरचा ठिपका, ग्लुकोमीटरच्या पट्टीशेजारी उरलेला थेंब. तुमच्या नखाच्या बाजूला चीर असेल किंवा हाताला खरूज, इसब असेल तर तेवढ्या वाटेने तो शिरू शकतो. म्हणूनच लागण झालेल्या अनेक कर्मचाऱ्यांना "सुई कधी टोचली?" विचारलं तर त्यांना आठवतच नाही. आठवण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

ई-अँटिजेन निगेटिव्ह म्हणजे निर्धोक, अशीही एक समजूत आहे. २००९ साली गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्याने ती पसरली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केला तेव्हा ई-अँटिजेन न बनवणारे बदललेले विषाणू तिथे महत्त्वाचे ठरल्याचं दिसलं. त्यामुळे तुमच्या रुग्णाचा ई-अँटिजेन काहीही येवो, आजचा उपचार तोच.

लस येण्यापूर्वी आपल्या पेशाची काय अवस्था होती हे नव्या मुलींना सांगायला हवं. १९६९-७० मध्ये एडिंबराच्या डायलिसिस विभागात हिपॅटायटिस बीची साथ आली, तिच्यात रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. त्या काळी डायलिसिस, शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा आणि दंतवैद्यक या चार ठिकाणी काम करणाऱ्यांत ही कावीळ नित्याची मानली जाई. १९६५मध्ये बारूक ब्लमबर्ग या शास्त्रज्ञांना एचबीएसएजी हे अँटिजेन सापडलं, १९७६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अमेरिकेत पहिली लस १९८१मध्ये आली, यीस्टमध्ये बनवलेली रिकॉम्बिनंट लस १९८६मध्ये. १९९१मध्ये तिथल्या कामगार-सुरक्षा कायद्याने मालकाला सांगितलं की ज्याचा रक्ताशी संबंध येतो त्या प्रत्येकाला लस फुकट देऊ करायची. १९८३मध्ये तिथे वर्षाला सुमारे १७,००० आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण होत असे, १९९५मध्ये ती ४००च्या आसपास आली. बारा वर्षांत एखादा व्यवसायजन्य आजार इतका खाली आल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. लस, मोफत मिळणं, आणि सुई टाकायला हाताशी भक्कम डबा, या तीन गोष्टींनी ते झालं.

आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेकने १९९७मध्ये देशी लस आणल्यावर किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. बाळांच्या लसीकरणात हिपॅटायटिस बी देशभर लागू व्हायला मात्र २०११ उजाडलं. म्हणजे आज वॉर्डात काम करणाऱ्या बहुतेक सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन, मावशी आणि मामांना ती लहानपणी मिळालेली नाही. "आम्हाला लहानपणी सगळ्या लशी झाल्यात" हे वाक्य मी फार ऐकतो आणि दर वेळी कार्ड बघायला मागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार भारतात सुमारे २.९८ कोटी लोक या विषाणूसोबत जगत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नाही. तुमच्या ओपीडीत गुडघेदुखीसाठी आलेला माणूस त्यांच्यातलाच असू शकतो. म्हणून "पॉझिटिव्ह केस आहे, जपून" या पाटीवर माझा विश्वास नाही. पाटी नसलेल्या खाटेवरच आपण ढिले पडतो.

लसीविषयी थोडं सविस्तर, कारण नर्सिंग कॉलेजं इथेच चुकतात. कोर्स तीन डोसचा: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. मध्ये कितीही वर्षं गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा. त्यामुळे आजचा डोस हा तुमचा तिसरा, आणि कोर्स पूर्ण. लस दंडातच घ्यायची, कुल्ल्यात घेतली तर प्रतिसाद कमी येतो हे जुन्या काळीच लक्षात आलं होतं. निरोगी आणि चाळिशीच्या आतल्या माणसांत नव्वद टक्क्यांहून अधिकांना पूर्ण कोर्सनंतर संरक्षण मिळतं. वय वाढलं, वजन जास्त असलं, मधुमेह असला, धूम्रपान असलं की हे प्रमाण घसरतं. मग त्या उरलेल्यांत आपण आहोत की नाही, हे कळायचं कसं? तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करून. काही शे रुपयांची तपासणी आहे. नव्याण्णव टक्के ठिकाणी लसीचं प्रमाणपत्र फाइलला लागतं आणि टायटर कुणी करत नाही, असा माझा अनुभव आहे. प्रमाणपत्रावर फक्त सुई दंडात गेल्याची नोंद असते. शरीराने काय केलं ते टायटर सांगतो.

टायटर दहाच्या खाली आला तर पुन्हा कोर्स आणि पुन्हा टायटर. सहा डोसनंतरही दहाच्या खालीच राहिला तर आधी एचबीएसएजी तपासायचा, कारण आधीपासूनच लागण असलेल्याला लस लागू पडत नाही. तो निगेटिव्ह असेल तर त्या व्यक्तीच्या नावापुढे लाल शाईने लिहायचं: नॉन-रिस्पॉन्डर. अशाला पॉझिटिव्ह सुई टोचली तर लस नाही, एचबीआयजीचे दोन डोस महिन्याच्या अंतराने. आणि एकदा दहाच्या वर गेलेला टायटर वर्षांनंतर पुन्हा तपासल्यावर कमी दिसला म्हणून निरोगी माणसाने घाबरायचं कारण नाही. हा विषाणू सावकाश वाढतो, शरीराची आठवण जागी व्हायला तेवढा अवधी पुरतो, म्हणून बूस्टरची गरज नसते. डायलिसिसवर असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेले याला अपवाद. ज्याच्याकडे दहाच्या वरच्या टायटरचा कागद आहे त्याला सुई टोचल्यावर हिपॅटायटिस बीसाठी काहीच करावं लागत नाही, साबणाने हात धुऊन तो पुढच्या रुग्णाकडे जातो. तुमच्याकडे तो कागद असता तर काल रात्री तुम्हाला शांत झोप लागली असती.

बाळाला पाजा. निःशंक पाजा. इम्युनोग्लोब्युलिन आणि लस दोन्ही अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात, गरोदरपणातही चालतात. सुई टोचल्यानंतरच्या या काळात स्तनपान थांबवायची, नवऱ्यापासून दूर राहायची किंवा ताट-वाटी वेगळी करायची गरज नसते. रक्तदान मात्र सहा महिन्यांचा निकाल हाती येईपर्यंत करू नका. बाळ आठ महिन्यांचं आहे, म्हणजे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलेंट झाले असतील, त्यात हिपॅटायटिस बी असतेच. कार्ड काढून तिन्ही खुणा आहेत का तेवढं बघा. नवऱ्याने लस घेतलेली नसेल तर या निमित्ताने घेऊन टाकावी.

पुढची तारीख आजच ठरवा: सुई टोचल्यापासून सहा महिन्यांनी एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस. टायटर दोन महिन्यांनी करू नका, तेव्हा दिसणारी प्रतिपिंडं इम्युनोग्लोब्युलिनची असतील. लागण झाली असलीच तर लक्षणं साधारण दीड ते सहा महिन्यांत दिसतात, आणि मोठ्या माणसांत निम्म्याहून अधिकांना डोळे पिवळे होत नाहीत. भूक मरणं, मळमळ, कमालीचा थकवा, सांधे दुखणं, लघवी गडद होणं, यातलं काही झालं तर सहा महिन्यांची वाट न पाहता तपासून घ्या. आणि कावीळ दिसलीच तर गावाकडची माळ, डोळ्यांत टाकायचा रस, नाकात ओढायचं औषध यांच्या मागे जाऊ नका. प्रौढांत ही कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते, म्हणून त्या माळेला श्रेय मिळतं. ज्या थोड्यांचं यकृत अचानक निकामी होतं, त्यांना माळेमुळे हॉस्पिटल गाठायला उशीर होतो.

धीर देणारी गोष्टही सांगतो. मोठ्या वयात लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं शरीर हा विषाणू स्वतःच हुसकावून लावतं. नवजात बाळाला लागण झाली तर नव्वद टक्क्यांत तो आयुष्यभर राहतो, प्रौढात पाच टक्क्यांहून कमी. तुमच्या बाबतीत वेळेवर एचबीआयजी आणि लस मिळाली तर मुळात लागणीची शक्यताच फार कमी होईल.

आता नोकरी. हिपॅटायटिस बी आहे म्हणून एखाद्या नर्सला कामावरून काढणं किंवा स्टोअरमध्ये बसवून ठेवणं याला वैद्यकीय आधार नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१२च्या मार्गदर्शनात हेच स्पष्ट म्हटलं आहे: हा विषाणू असल्याने कुणाचं काम वा शिक्षण थांबवू नये. बंधन आहे ते काही मोजक्या शस्त्रक्रियांपुरतं, जिथे शल्यविशारदाची बोटं आणि धारदार हत्यार रुग्णाच्या पोटात वा छातीत, डोळ्याआड, एकत्र असतात. तिथे रक्तातला विषाणू मिलीलिटरमागे १,००० आंतरराष्ट्रीय युनिटांच्या खाली असला की तेही करता येतं, आणि टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या गोळ्यांनी तो तेवढा खाली आणता येतो. रक्त काढणं, सलाइन लावणं, ड्रेसिंग, औषधं देणं यांपैकी काहीही त्या यादीत नाही. उपचार राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात, जो २८ जुलै २०१८ला सुरू झाला, मोफत मिळतो. एक अडचण मात्र खरी आहे. आखाती देशांतल्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला की माणूस अपात्र ठरतो, आणि परदेशी जाण्याचं ठरवून नर्सिंगला आलेल्या मुलींचा त्यामुळे घास हिरावला जातो. तो नियम अन्यायाचा आहे असं माझं मत आहे. पण तो आहे, म्हणून आपली लस आपण आधी पूर्ण करून ठेवायची.

मेट्रनबाईंनी कागदावर आणू नकोस म्हटलं, त्याबद्दल थेट बोलतो. त्यांच्यावर राग नाही, त्यांनाही वरून तेच ऐकावं लागत असेल. पण तुम्ही आजच लेखी द्या. तारीख, वेळ, कोणत्या रुग्णाचं रक्त काढत होता त्याचा नोंदणी क्रमांक, कोणती सुई, कसं टोचलं, हे चार ओळींत लिहा, इन्चार्जची सही घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हॉस्पिटलच्या मालकावर ठेवलेली जबाबदारी स्पष्ट आहे: कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी, आणि सुई टोचण्यासारख्या अपघातांचीही नोंद. १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने आरोग्यसेवेत आणि प्रयोगशाळेत कामामुळे होणारे संसर्गजन्य आजार व्यावसायिक आजारांत धरले होते, आणि नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा घेतलेल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसेच आहेत. पण उद्या दाद मागायची वेळ आली तर पहिला प्रश्न येईल, लागण कामावरच झाली कशावरून? आजचा निगेटिव्ह रिपोर्ट, आजची अपघाताची नोंद आणि सहा महिन्यांनंतरचा रिपोर्ट हे तीन कागद एकत्र असतील तरच त्याला उत्तर आहे. नोंद न करणारं हॉस्पिटल स्वतःचं रजिस्टर स्वच्छ ठेवतं आणि नुकसान कर्मचाऱ्याच्या पदरात टाकतं.

आणि टोपण लावणं बंद करा. हे मी कठोरपणे सांगतो, कारण तुमच्यासारखी डाव्या तर्जनीची जखम मी वारंवार पाहतो. उजव्या हातात सिरिंज, डाव्या हाताच्या दोन बोटांत टोपण, मन पुढच्या खाटेकडे, आणि सुई टोपणाच्या कडेला घसरून बोटात जाते. रक्त काढायची सुई पोकळ असते, तिच्या नळीत रक्त साठून राहतं, म्हणून टाक्याच्या भरीव सुईपेक्षा तिचा धोका मोठा. पण नुसतं "टोपण लावू नका" म्हणून भागत नाही, हे मलाही कळतं. खाटेशेजारी डबा नसेल तर उघडी सुई घेऊन नर्सने वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचं का? पांढरा, न टोचणारा डबा ट्रॉलीवर हवा, तुमच्या हाताच्या अंतरावर. तो तीन-चतुर्थांश भरला की बंद करून बदलायचा. भरलेल्या डब्यात सुई रेटून बसवताना टोचल्याचेही प्रसंग होतात. हब कटर (सुई सिरिंजपासून कापून वेगळी करणारं साधन) असेल तर तोही ट्रॉलीवरच. अगदीच नाइलाजाने टोपण लावावं लागलं तर ते टेबलावर आडवं ठेवून एकाच हाताने सुईने उचलायचं, दुसरा हात पाठीमागे. ही मागणी तुम्ही एकट्या केलीत तर ती तक्रार वाटेल. सगळ्या सिस्टरांनी सही करून संसर्ग नियंत्रण समितीकडे किंवा समिती नसेल तर मालक डॉक्टरांकडे द्या. सेफ्टी सुयांना पैसे लागतात, डब्याला फारसे लागत नाहीत.

राहिल्या मावशी. तुमच्या प्रश्नातली ती शेवटची ओळ वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. तुम्हाला कोणत्या रुग्णाची सुई टोचली ते माहीत आहे. त्यांना माहीत नाही. पिवळ्या पिशवीत कुणीतरी टाकलेली सुई, पिशवीचं तोंड आवळताना तळहातात शिरलेली. ती टाकणारा हात आपल्यापैकीच कुणाचा तरी होता, डॉक्टरचा किंवा नर्सचा. त्या कंत्राटी असतील, त्यामुळे हॉस्पिटल म्हणेल ठेकेदाराला विचारा आणि ठेकेदार म्हणेल हॉस्पिटलला विचारा. नियमात मात्र कंत्राटी आणि कायम असा भेद नाही, कचरा हाताळणारा प्रत्येक जण त्यात येतो.

महिना झाल्याने त्यांना आता इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग नाही. लसीचा आहे. आधी रक्त: एचबीएसएजी, अँटी-एचबीसी, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी. मग त्याच दिवशी लसीचा पहिला डोस, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी, आणि शेवटी टायटर. सुई टोचल्यापासून सहा महिने होतील तेव्हा एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी पुन्हा. तारखा मराठीत एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, नुसत्या फोनमध्ये ठेवू नका. सरकारी कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हिपॅटायटिस बी लसीकरणाची सोय आहे, जिल्हा रुग्णालयात तशी मागणी करा. बोलताना "तुम्ही सांगितलं का नाही" असं विचारू नका. रोजंदारी बुडेल, वर ओरडा बसेल, हे त्यांना आपल्याहून चांगलं माहीत असतं. तुम्ही आज स्वतःसाठी जिल्ह्याला जाणारच आहात तर त्यांनाही सोबत घेऊन जा. केसपेपर काढण्यापासून कोणती सुई, कधी, कुठे हे डॉक्टरांना सांगण्यापर्यंत सगळं त्यांना एकटीने जमणार नाही, आणि जमलं नाही तर त्या तशाच परत येतील.